सांदकफूच्या वाटेवर अर्धा राहिलेला चहा

कोलकात्यात सगळं मिळतं, फक्त डोंगर मिळत नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा मीटर उंचीवरचं हे शहर. इथे चढ म्हणजे मेट्रोचा जिना! माझे बाबा मूळचे संगमनेरकडचे. तरुणपणी कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड पायाखालून घातलेले. नोकरीसाठी इथे आले आणि डोंगर मागेच राहिले. निवृत्त झाल्यावर मी विचारलं, "बाबा, काय भेट हवी?" ते लगेच म्हणाले, "सांदकफू."

सांदकफू म्हणजे पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण, ३,६३६ मीटर. दार्जिलिंग जिल्ह्यात, भारत-नेपाळ सीमेवरच्या सिंगलिला रांगेत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सांदकफू तिच्या दुपटीहून उंच.

या वाटेची गंमत म्हणजे गेलो त्याच रस्त्याने परत यावं लागत नाही. मानेभंजन गावातून चढायला सुरुवात करायची, टुमलिंग, कालिपोखरी करत सांदकफू, तिथून कण्याकण्याने फालूट, मग गोरखेमार्गे खाली श्रीखोला आणि रिम्बिक. रिम्बिकहून जीपने पुन्हा मानेभंजन. झालं एक वर्तुळ पूर्ण! आम्हालाही हेच करायचं होतं.

एप्रिलमध्ये सियालदहून रात्रीची गाडी पकडली. आईने बॅगेत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि बंगाली शेजारणीने दिलेल्या दोन मंकी कॅप कोंबल्या. दुसऱ्या दिवशी न्यू जलपाईगुडीहून जीपने मानेभंजन. तिथे नाव नोंदवायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि गाइड घ्यायचा. गाइडशिवाय सोडत नाहीत. आमच्या गाइडला सगळे 'दाजू' म्हणत. नेपाळीत दाजू म्हणजे मोठा भाऊ.

पहिला दिवस टुमलिंगपर्यंत. वाट कधी भारतात, कधी नेपाळात. दोन्हीकडे ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला, तिकडे त्याला 'गुराँस' म्हणतात. लालभडक फुलांनी झाडं वाकलेली. शेजारून जुन्या लँड रोव्हर खडखडत वर जात होत्या. बाबा माझ्या पुढे चालत होते आणि मधूनमधून वळून विचारत होते, "दमलीस का?"

दुसऱ्या दिवशी गैरीबासला उतरून पुन्हा चढत दुपारी कालिपोखरीला पोहोचलो. उंची सुमारे ३,२०० मीटर. काळसर पाण्याचं छोटं पवित्र तळं, भोवती फडफडणाऱ्या पताका. लॉजमध्ये चहा आला. बाबांनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

आमच्या घरी बाबांचा चहा कधी उरत नाही.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"छे! मस्त वाटतंय."

रात्री भातही तसाच राहिला. मी तिसऱ्यांदा विचारल्यावर कबूल झाले, की दुपारपासून डोकं दुखतंय. "पण तू घाबरू नकोस. उद्या सांदकफू, सहा किलोमीटर तर आहे."

दाजूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या वर नाही. परवा सकाळी काका नाश्ता किती करतात ते बघू, मग ठरवू. त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचं."

बाबा चिडले. सह्याद्रीचे दाखले दिले. पण सह्याद्रीत हा प्रश्न येतच नाही. तिथे पाय थकतात. इथे हवेचा दाब कमी होतो, श्वासागणिक ऑक्सिजन कमी मिळतो आणि शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. तरुण, तंदुरुस्त माणसालाही त्रास होऊ शकतो. म्हणून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं सांगतात. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं ही लक्षणं असतील तर वर चढायचंच नाही. गाडीने एका दिवसात थेट सांदकफू गाठणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं.

तिसरा दिवस आम्ही कालिपोखरीतच काढला. बाबा उन्हात बसले, गरम पाणी प्यायले, लॉजवाल्या दीदींना थालीपीठ करून दाखवलं. संध्याकाळी डोकं उतरलं. सकाळी त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि दुसरा चहा मागितला. दाजू माझ्याकडे बघून हसले.

शेवटचा चढ चांगलाच अंगावर येतो. बाबा या वेळी माझ्या मागे होते, दर पन्नास पावलांना थांबत, पण आता ते लपवत नव्हते. दुपारी सांदकफूला पोहोचलो तेव्हा सगळीकडे ढग. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे पडदा सरकला. कुंभकर्ण शिखर हे डोकं, कांचनजंगा हे धड आणि पांडिम हे पाय, असा तो 'निद्रिस्त बुद्ध' समोर गुलाबी होत गेला. डावीकडे दूर मकालू, ल्होत्से आणि एव्हरेस्ट. बाबा काहीच बोलले नाहीत. मंकी कॅप काढून हातात धरली, एवढंच.

एक दिवस गेल्याने फालूट राहिलं. आम्ही गुर्दुमच्या जंगलातून थेट श्रीखोलाला उतरलो, तिथून रिम्बिक आणि जीपने मानेभंजन. वर्तुळ थोडं लहान झालं, पण पूर्ण झालं.

तुम्हीही आईबाबांना घेऊन जाणार असाल तर जरूर जा. वसंतात फुलं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वच्छ आकाश. पावसाळ्यात सिंगलिला राष्ट्रीय उद्यान बंद असतं. औषधं घ्या, डॉक्टरांना आधी विचारा आणि हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. वर गेल्यावर मात्र "बरं आहे ना?" एवढंच विचारून थांबू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. त्यांचं ताट आणि कप बघा.