घरची शाळा आणि कायद्याचे मौन

‘मुलीला शाळेतून काढली’ ह्या तीन शब्दांचा अर्थ आमच्या हयातीत पार उलटा झाला आहे. आमच्या लहानपणी हे शब्द माजघरात हलक्या आवाजात उच्चारले जात, आणि त्यांचा अर्थ एवढाच असे की, त्या मुलीचे अक्षरांशी असलेले नाते संपले. आता पाळणा, चूल आणि लौकरच बोहले. गेली दोन वर्षे तेच शब्द आम्ही आमच्या पुतण्याच्या तोंडून, त्याच्या पुण्याच्या बिऱ्हाडी, चारचौघांत आणि काहीशा अभिमानाने उच्चारलेले ऐकत आहो. त्याने आपल्या मुलीस दुसऱ्या इयत्तेतून काढले. तो व सूनबाई आपापल्या नोकरीच्या वेळा वाटून घेऊन तिला घरीच शिकवितात. आमच्याकडून त्याला संमती हवी आहे, निदान विरोध तरी नको आहे. “काका, मूल आमचं आहे. त्याला कुठं शिकवायचं हे ठरवायचा हक्क आमचाच नाही का?” असे तो विचारतो. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देऊ गेल्यास कायदा, इतिहास व आमच्याच घराण्यातील एक जुनी आठवण अशा तीन ठिकाणी जाऊन यावे लागते.

प्रथम कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस तो लागू आहे. नावात ‘सक्ती’ हा शब्द असल्यामुळे ही सक्ती आईबापांवर आहे असा सर्वसाधारण समज दिसतो. पण आठव्या कलमाखाली त्या शब्दाचा जो खुलासा केला आहे, त्याप्रमाणे सक्ती आहे ती सरकारवर : शाळा पुरवावी, मुलांचा प्रवेश, हजेरी व शिक्षण पुरे होणे ह्यांची हमी घ्यावी. आईबापांसंबंधीचे कलम दहावे. मुलास शेजारच्या शाळेत दाखल करणे हे त्यांचे कर्तव्य होय, एवढे ते सांगते आणि थांबते. कर्तव्य न केल्यास दंड किती, शिक्षा कोणती, ह्याविषयी ते एक अक्षर बोलत नाही. घरी शिकविण्यास परवानगी आहे असे अधिनियमात कोठे नाही; मनाई आहे असेही नाही. संविधानाकडे वळावे तर तेथील भाषा निराळीच. २००२ सालच्या ८६ व्या दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत जी भर पडली तीत, आईबापांनी मुलास शिक्षणाची संधी उपलब्ध करून द्यावी, असे म्हटले आहे. तेथे शाळेचे नाव नाही. संविधान शिक्षण म्हणते, अधिनियम शाळा म्हणतो, आणि ह्या दोन शब्दांमधल्या फटीत आमचा पुतण्या आपले बिऱ्हाड मांडून बसला आहे.

गंमत अशी की, हे मौन एकट्या कुटुंबापुरतेच आहे. उद्या त्याच्या इमारतीतील चार कुटुंबांनी आपली मुले एका दिवाणखान्यात जमवून एक शिक्षिका नेमली, तर ती मान्यतेवाचून चालविलेली शाळा ठरू शकेल, आणि तशा शाळेस एक लाख रुपयांपर्यंत दंड, व पुढे ती चालू ठेवल्यास दररोज दहा हजारांपर्यंत दंड, हे मात्र अठराव्या कलमात स्वच्छ लिहिलेले आहे.

इंग्लंडात ह्याच जागी दोन शब्द घातलेले आहेत. १९४४ च्या शिक्षण कायद्याने आईबापांवर असे कर्तव्य टाकले की, मुलाच्या वयास व कुवतीस योग्य असे शिक्षण त्यास मिळेल अशी तजवीज त्यांनी करावी, शाळेत नियमित पाठवून ‘अथवा अन्य रीतीने’. १९९६ च्या कायद्यातही ती शब्दयोजना कायम राहिली, आणि तिकडील घरच्या शिक्षणाचा सगळा डोलारा त्या अखेरच्या शब्दांवर उभा आहे. जर्मनीत ह्याच्या उलट : तेथे शाळेत जाणे हेच मुलाचे कर्तव्य, घरचे शिक्षण केवळ अपवाद. त्याविरुद्ध एक कुटुंब युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. २००६ साली त्याची दाद लागली नाही, आणि २०१९ साली दुसऱ्या एका कुटुंबाचीही नाही. वेगवेगळ्या घरांतील मुलांनी एकत्र वाढावे ह्यात समाजाचे हित आहे, हा जर्मनीचा मुद्दा न्यायालयाने ग्राह्य धरला. दोन्ही देशांचे ऐकून घेण्यासारखे आहे. मात्र दोघांनीही आईबापांस सांगितले आहे की, तुम्ही कोठे उभे आहात. आमच्या येथे ते कोणी सांगत नाही.

आता इतिहास, आणि येथे आम्हांस पुतण्याशी थोडे कठोर व्हावे लागते. सक्तीचे शिक्षण ही कल्पना आमच्या देशात सरकारने लोकांवर लादलेली नाही. ती लोकांच्या कैवाऱ्यांनी सरकारकडे मागितलेली आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात तो प्रयोग आरंभिला व १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्ती लागू केली. गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात आपले विधेयक आणले. मागणी किती बेताची, तर सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, तीही स्थानिक संस्थांच्या मर्जीने. तरी १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती केली, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या बापास महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबास थोडा नव्हे. हा दंड कोणाविरुद्ध होता? ‘मूल माझे आहे’ असे म्हणणाऱ्या बापाविरुद्धच. त्या रुपयाच्या धाकाने जी मुले त्या कोवळ्या वयात गुरे सोडून पाटीला लागली असतील, त्यांच्या पोरानातवांस आज पित्याच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान द्यावयाचे असेल तर ते पुतण्याने द्यावे. आमच्याने ते होणार नाही.

ह्यावर पुतण्या रमाबाई रानड्यांचे उदाहरण देतो. माधवरावांनी त्यांना घरीच शिकविले, आणि पंडिता रमाबाईंस संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने, हे खरेच आहे. परंतु ह्या दोघींना घर लाभले ते शाळेचे दार त्यांच्यासाठी जवळजवळ बंद होते म्हणून. आणि ज्या घरी माधवराव नव्हते, त्या हजारो घरांतील मुलींची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

आमच्या घरी माधवराव नव्हते. आमच्या आत्याबाई सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेत चौथी पास झाल्या, त्या पहिल्या नंबराने. आजोबांनी हेडमास्तरांस निरोप पाठविला की, मुलगी आता घरीच शिकेल. आजोबा खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांच्या मनात शिकवावयाचे खरोखरच होते. पंधरा दिवस ओसरीवर भावाच्या पुस्तकातून धडे झाले. मग सुगी आली, मग घरात बाळंतपण आले, आणि आत्याबाईंच्या मांडीवर पुस्तकाच्या जागी धाकटे भावंड आले. पाऊणकी, सवायकी, दिडकी त्यांना म्हातारपणीही अशी मुखोद्गत होती की, व्याजाचा हिशेब भाऊ कागद शोधीपर्यंत त्या सांगून मोकळ्या होत. वाचावयास मिळे ते वाण्याच्या पुडीचे कागद. त्या ऐंशी वर्षांच्या असताना एकदा आम्ही त्यांना विचारले, “आत्या, तुम्हांला तेव्हा राग नाही का आला?” त्या म्हणाल्या, “राग कशाचा रे? मला कुणी विचारलंच नाही.”

हे वाक्य आम्हांस पुढे एका अगदी परक्या ठिकाणी पुन्हा भेटले. अमेरिकेत आमिश नावाचा जुन्या चालीचा एक ख्रिस्ती पंथ आहे. आठवीनंतर मुलांनी शाळेत जाऊ नये, शेती व घरकाम शिकावे, असा त्यांचा आग्रह. विस्कॉन्सिन राज्याने अशा काही बापांस पाच पाच डॉलर दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७२ साली बाप जिंकले. पण न्यायमूर्ती डग्लस ह्यांनी काही अंशी भिन्न मत नोंदविले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, येथे आईबापांचे ऐकले, सरकारचे ऐकले. ज्या मुलांच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यांतील एका मुलीखेरीज कोणाचेही म्हणणे ऐकले नाही. मूल शिकून पियानोवादक होऊ इच्छीत असेल, अंतराळवीर होऊ इच्छीत असेल, तर ते त्यास विचारले पाहिजे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २६ व्या कलमात प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे हे एका पोटकलमात आहे, आणि शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा अग्रहक्क आईबापांचा हे दुसऱ्यात. ह्या दोहोंत तंटा लागला म्हणजे काय करावे हे त्यात सांगितलेले नाही. डग्लससाहेबांनी सांगितले ते आम्हांस पटते.

एवढे झाल्यावर नातीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. ज्या शाळेतून तिला काढली त्या शाळेच्या वर्गात पन्नासावर मुले होती. नातीला अक्षरे उशिरा लागतात. तिला मागच्या बाकावर बसवीत, आणि तिच्या वहीवर रोज तांबड्या शाईने एकच शेरा येई. हळूहळू ती वर्गात बोलेनाशी झाली, मग घरीही बोलेनाशी झाली. घरी राहू लागल्यावर सात-आठ महिन्यांनी ती आपण होऊन वाचू लागली. आरंभ झाला तो रेल्वेच्या वेळापत्रकापासून, कारण तिला गाड्यांची आवड आहे. घरातील दुधाचा हिशेब तिच्याकडे आहे : दिनदर्शिकेवर खाडे मांडणे, जादा घेतलेले अर्धे लिटर टिपणे, आणि महिनाअखेर दूधवाल्यास पैसे मोजून देणे. एकदा तिने त्याची चूक काढली, तेव्हा तो सूनबाईस म्हणाला, “पोरगी हुशार आहे, कोणत्या शाळेत जाते?” सूनबाई काय उत्तर द्यावे ह्या विचारात पडल्या.

असाच विचार शाळाबाह्य मुलांच्या पाहणीस आलेल्या एका गुरुजींना पडला. भला मनुष्य होता. चहा घेतला, नातीकडून रेल्वेची स्थानके ऐकली, आणि मग कागद पुढे ओढून म्हणाले, “साहेब, माझ्याकडं दोनच रकाने आहेत. शाळेत जाते, किंवा जात नाही.” त्यांनी काय लिहिले ते आम्ही पाहिले नाही.

त्याच गुरुजींनी नंतर जे सांगितले ते मात्र आमच्या मनातून जात नाही. पूर्वी ते एका साखर कारखान्याच्या गावी होते. दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात व उन्हाळा लागेपर्यंत फडाजवळ कोप्या घालून राहतात. पहाटे आईबाप कोयता घेऊन गेले की कोपीत आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्या भावास सांभाळीत बसते. अशा मुलीचे नाव साखरशाळेत किंवा गावच्या शाळेत घालावयास गुरुजी गेले, आणि तिच्या बापाने, ‘ती घरीच शिकते’ असे म्हटले, तर कायद्याने काय करावे? पुतण्यास मिळेल तो हक्क त्या बापासही मिळणारच. हक्क काही पुस्तकांची कपाटे पाहून वाटता येत नाही. म्हणून हा हक्क मागावयाचा तर तो आईबापांच्या नावाने मागू नये, मुलाच्या नावाने मागावा, असे आमचे मत आहे. कायद्यात ‘अथवा अन्य रीतीने’ हे शब्द अवश्य घालावेत. त्याबरोबर, घरी शिकविणाऱ्याने तसे लेखी कळवावे, वर्षातून एकदा जाणत्या शिक्षकाने घरी यावे, मुलाशी आईबापांच्या पाठीमागे चार शब्द बोलावे, आणि शिक्षण होत नसेल तर मुलास शाळेत न्यावे, एवढेही लिहावे. परीक्षा नको, आमची नात परीक्षेत नापास झाली असती आणि तिचे शिक्षण तर उत्तम चालले होते.

पुतण्यास हे रुचत नाही. “सरकारी माणूस घरात कशाला, काका?” असे तो म्हणतो. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहेच. चौदा वर्षे पुरी झाली की तेथे बसता येते, मागील इयत्तांचे दाखले लागत नाहीत. तोवर कोणी विचारू नये, ही त्याची इच्छा. मौन त्याला सोयीचे आहे. कोपीतील बापासही ते सोयीचे आहे, आणि आमच्या आजोबांसही होते.

गेल्या महिन्यात आम्ही त्याच्याकडे उतरलो असता दुपारी नातीला घेऊन गच्चीवर गेलो. इमारत त्या वेळी ओस असते. मुले पाच वाजता येतात. तेथे आम्ही तिला विचारले की, तुला घरी आवडते की शाळेत? तिने बराच विचार केला. “आजोबा, अभ्यास घरीच आवडतो,” ती म्हणाली, “पण स्नेहसंमेलनात नाच असतो ना, त्याला मला घेतील का?” संध्याकाळी आम्ही हे पुतण्यास सांगितले. तो काही बोलला नाही. पण सूनबाईंनी विचारले की, मधेच जावेसे वाटले तर शाळा घेईल काय. घ्यावेच लागेल. अधिनियमाचे चौथे कलम तेवढे स्पष्ट आहे : कधीही आले तरी वयाप्रमाणे वर्गात बसवावे, आणि मागे राहिलेले भरून काढण्यास खास शिकवणी द्यावी. नात नऊ वर्षांची आहे. म्हणजे चौथीचा वर्ग. महानगरपालिकेची शाळा त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, आणि तिचे स्नेहसंमेलन जानेवारीत असते असे चौकशीअंती कळले.