पाचवा डाव

कुस्ती मी आयुष्यात कधी खेळलो नाही. पण कोल्हापूरच्या खासबागेत बसून ती पुष्कळ पाहिली आहे. धोबीपछाड, कलाजंग, ढाक ही नावे त्यामुळे माझ्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांसारखी रुळली आहेत, आणि कोठे कोणी कोणाला लोळवीत असेल तर दोन घटका थांबून पाहण्याची खोडही जडली आहे. हल्ली ती खोड भागविण्यासाठी मला उंबरठा ओलांडावा लागत नाही. माझ्या दहा वर्षांच्या नातीच्या तळहातावर रोज संध्याकाळी आखाडा भरतो.

हा आखाडा मूळचा जपानी. १९९६ साली तेथे गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी पोकेमॉन नावाचा खेळ निघाला. तो ज्याने कल्पिला त्या सातोशी ताजिरीला लहानपणी किडे पकडण्याचा मोठा नाद होता. झुडपांतून हिंडावे, निरनिराळे जीव पकडावेत, पाळावेत आणि झुंजवावेत, एवढाच या खेळाचा विषय. पहिल्या खेळात असे जीव १५१ होते. आमच्या घरी आला तो हाच जुना खेळ. जावयाने आपल्या लहानपणीचे यंत्र लेकीसाठी माळ्यावरून काढले.

मारामारीचा खेळ म्हणजे बोटांची धांदल, अशी माझी समजूत होती. येथे धांदल मुळीच नाही. आपण आपला डाव निवडायचा, समोरच्याने त्याचा. मग ज्याचा वेग अधिक तो आधी मारणार. निवडायला कितीही वेळ घ्या, मधे चहा पिऊन या, प्रतिपक्षी तसाच उभा! आणि मार किती बसायचा ते अंगाच्या जोरावर नव्हे, तर चक्क त्रैराशिकावर ठरते. चाळीस वर्षे हिशेबाच्या वह्या सांभाळलेल्या माणसाला यापरते सुख कोणते?

नातीचा लाडका प्राणी पिकाचू. हा विजेचा उंदीर. समजा, तो पन्नासाव्या पायरीवर आहे. पन्नासाची दुप्पट करून पाचांनी भागायचे आणि दोन मिळवायचे : २२. त्याला डावाच्या जोराने गुणायचे; थंडरबोल्ट या डावाचा जोर ९५. मग मारणाऱ्याच्या बळाने गुणून सोसणाऱ्याच्या बचावाने भागायचे. दोन्ही १०० असली तर तो प्रश्नच मिटला. आलेल्याला पन्नासांनी भागून, अपूर्णांक सोडून, पुन्हा दोन मिळवले की झाले ४३. विजेच्या जीवाने विजेचाच डाव टाकला म्हणून दीडपट, ६४. समोरचा पाण्यातला असेल तर त्याला वीज दुप्पट लागते, म्हणून १२८. तोच जमिनीतला असता तर एवढ्या सगळ्या गुणाकाराचे फळ शून्य, कारण वीज मातीत जिरते. आगीला पाणी विझवते, पाण्याला झाड पिते, झाडाला आग जाळते. हे नाते कोणत्याही मुलाला शिकवावे लागत नाही.

शेवटी यंत्र सारीपाटावर कवड्या टाकावे तसे एक दान टाकते आणि आपल्या १२८ चे १०८ पासून १२८ पर्यंत काहीही करून टाकते. त्रैराशिकात हे दान कशाला घुसडले, असा मला प्रथम राग आला. आता वाटते, ते नसते तर खेळ कागदावरच संपला असता.

या दानाहूनही मोठी मौज आहे ती नेमाची. थंडर नावाचा एक दांडगा डाव आहे. त्याचा जोर १२०, पण शंभरांत सत्तर वेळाच तो लागतो. थंडरबोल्टचा जोर ९५, आणि तो शंभर टक्के लागणारा. दहा वेळा टाकले तर पहिल्याचे ८४०, दुसऱ्याचे ९५०. हिशेबनीस काय निवडील हे सांगायला नको. पण त्या शंभर टक्क्यांतही एक खडा आहे. यंत्र ० ते २५५ यांतला एक आकडा मनात धरते आणि तो २५५ हून लहान असेल तरच नेम लागला म्हणते. म्हणजे २५६ वेळांत एकदा, नेमका २५५ आला, की खात्रीचा डावही हुकतो. १९९९ च्या पुढच्या खेळात ही चूक दुरुस्त केली. मला ती दुरुस्त केल्याचे जरा वाईटच वाटले.

प्रत्येक डाव मोजून मिळतो : थंडरबोल्ट पंधरा वेळा, थंडर दहा वेळा. सगळे संपले, तर जीव नुसता धडपडतो, आणि दुसऱ्याला जेवढे लागते त्याच्या निम्मे स्वतःला लावून घेतो. मरत मात्र कोणीच नाही, मूर्च्छा येते.

पण माझे मन अडकले आहे ते दुसऱ्याच एका नियमात. कोणत्याही जीवाला एका वेळी चारच डाव येतात. पाचवा शिकायचा तर चारांतला एक विसरावा लागतो. कोणता, ते यंत्र आधी विचारते. आणि या पहिल्या खेळात विसरलेला डाव आठवून देणारे कोणी नाही. २००२ च्या खेळात असे एक घर आहे. तेथे हृदयाच्या आकाराचा एक खवला दिला की गेलेला डाव परत मिळतो.

वडिलांनी मला मोडी शिकवली होती. कॉलेजात जाईपर्यंत मी ती घडाघडा वाचीत असे. गेल्या वर्षी गावचे घर आवरताना वडिलांची एक वही निघाली, शंभरावर पाने, सगळी मोडीत. अक्षर त्यांचे आहे हे लांबून ओळखू येते. उघडली की ओळीमागून ओळ धावत जाते, मधेच एखादा आकडा, एखादा 'श्री' हाती लागतो, बाकी काही नाही. तिची जागा कशाने घेतली? इंग्रजी टंकलेखनाने, संगणकाने, की मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या विद्येने? मला कोणी आधी विचारले नव्हते. ती वही माझ्या टेबलावर आहे. मोडी शिकवणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता मिळाला आहे. दर रविवारी जायचे आहे.

परवा पिकाचू त्रेचाळिसाव्या पायरीवर चढला आणि यंत्राने विचारले, थंडर शिकायचा का? त्याच्याजवळ होते थंडरबोल्ट, थंडर वेव्ह, क्विक अटॅक आणि ग्राउल. ग्राउल म्हणजे नुसते गुरगुरणे. त्याने कोणाला ओरखडाही उठत नाही, समोरच्याच्या माराची धार तेवढी थोडी बोथट होते. मी म्हणालो, "गुरगुरणं काढून टाक."

"आजोबा, ते त्याला जंगलात सापडला तेव्हापासून येतं."

"पण उपयोग काय त्याचा?"

तिने उत्तर दिले नाही. बराच वेळ चौघांवरून बाण खालीवर फिरवला आणि थंडर नको म्हणून सांगितले. पुढच्या झुंजीत पहिला डाव गुरगुरण्याचाच टाकला. समोरच्याचे बळ १०० चे ६६ झाले.