हिरव्याच्या जिवावर

नर्सरीत येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य हल्ली ठरलेलं असतं: "ताई, जास्तीत जास्त पांढरं असेल ते द्या." पुणे–सोलापूर रस्त्याच्या नर्सरीपट्ट्यात माझा धंदा आहे आणि पांढऱ्याला चार पैसे जास्त मिळतात. तरी मी हात आखडता घेते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. तो भाग अन्न तयार करत नाही, नुसता खातो. घरात कमावणारा एक आणि खाणारी तोंडं चार, अशा संसारात हौसेनं पाचवं तोंड कशाला वाढवायचं?

मी बोलतेय ते मुख्यतः मॉन्स्टेराच्या 'आल्बो' प्रकाराबद्दल. मॉन्स्टेरा डेलिसिओसा मूळची दक्षिण मेक्सिको ते पनामापर्यंतच्या दमट जंगलांतली वेल. लीबमान या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1849 मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं. परदेशी वाटली तरी ती आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या भावकीतलीच आहे. खोड कापलं की हाताला खाज सुटते, ती त्याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. म्हणून कटिंग करताना हातमोजे घालावेत आणि रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.

आल्बोचा पांढरेपणा हा एक अपघात आहे. झाडाच्या वाढत्या शेंड्यात पेशींचे एकावर एक थर असतात. त्यातली एखादी पेशी कधीतरी बिघडते, तिची हरितद्रव्य बनवण्याची क्षमता जाते आणि तिच्यापासून निघालेल्या सगळ्या पेशी तशाच पांढऱ्या निघतात. एकाच झाडात दोन वेगळ्या पेशीवंशांची वस्ती होते. अशा झाडांना विंकलर या जर्मन शास्त्रज्ञानं 1907 मध्ये 'कायमेरा' म्हटलं. दोनच वर्षांनी बाऊर या शास्त्रज्ञानं पांढऱ्या काठाच्या जिरेनियमवर काम करून त्यातली थरांची रचना उलगडून दाखवली. आल्बोमध्ये हे दोन वंश कुठल्या पानात किती उतरतील याचा नेम नसतो. एक पान शिंपडल्यासारखं, पुढचं निम्मं पांढरं, त्यापुढचं चक्क हिरवंगार.

प्रत्येक नक्षीदार पान मात्र असं नसतं. सिंडॅप्ससच्या पानावरची चांदी ही वरच्या पापुद्र्याखाली अडकलेल्या हवेमुळे दिसते. खाली हरितद्रव्य शाबूत असतं. कॅलेथियाची नक्षी तर त्या जातीचीच आहे, प्रत्येक पानावर तीच उमटणार. या झाडांची नक्षी जाईल या काळजीनं झोप उडवून घेऊ नये.

कायमेरा म्हणजे काय हे एकदा समजलं की फसवणूक टळते. ऑनलाइन 'व्हेरिगेटेड मॉन्स्टेराच्या बिया' म्हणून पाकिटं विकली जातात, कधी निळ्या-जांभळ्या पानांच्या फोटोसकट. आल्बोची नक्षी बियांतून उतरत नाही. बी तयार होतं ते शेंड्यातल्या एकाच थराच्या पेशींपासून. तो थर हिरवा असेल तर रोप साधं हिरवं येतं, पांढरा असेल तर रोप पूर्ण पांढरं येतं आणि बियांतली शिदोरी संपली की मरतं. गुलाबी पानांचा 'पिंक काँगो' फिलोडेंड्रॉन हीही अशीच फसवणूक. त्याला रसायन देऊन पानं गुलाबी केलेली असतात. काही महिन्यांत नवी पानं हिरवी यायला लागतात आणि गिऱ्हाईक समजतं, आपलंच काहीतरी चुकलं.

कटिंग घेताना लोक पान बघतात. मी सांगते, खोड बघा. पान आज आहे, उद्या गळेल. पुढची वेल येणार आहे ती पेरावरच्या डोळ्यातून. कांडी उजेडात धरून सावकाश फिरवा. हिरव्या खोडावर बारीक पांढऱ्या रेघा दिसतील, काही केसाएवढ्या, काही बोटभर रुंद. आता देठाच्या बेचक्यात तो डोळा शोधा, गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा फुगवटा असतो. हिरव्या-पांढऱ्या रेघा त्या फुगवट्यावरून किंवा अगदी त्याच्या कडेनं गेल्या असतील तर फुटवा नक्षीदार येण्याची आशा. डोळा निव्वळ हिरव्या पट्ट्यात असेल तर पान कितीही देखणं असो, पैसे साध्या मॉन्स्टेराचेच द्या. आणि डोळा पूर्ण पांढऱ्या पट्ट्यात असेल तर तो सौदा सोडून द्या. त्यातून फुटणारी वेल दिसेल चांदण्यासारखी आणि स्वतःचं पोट कधीच भरू शकणार नाही.

ज्यांना हा जुगार नको, त्यांनी 'थाई कॉन्स्टेलेशन' घ्यावी. थायलंडमधल्या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेतून आलेली ही जात. तिच्यावर मलईच्या रंगाचे ठिपके सगळीकडे विखुरलेले असतात आणि ती सहसा हिरवी होत नाही. मला स्वतःला ती जरा एकसुरी वाटते, पण पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तीच देते.

आता उजेड. हिरवा भाग कमी म्हणून या झाडाला साध्या मॉन्स्टेरापेक्षा जास्त उजेड लागतो आणि पांढरा भाग कोवळा म्हणून थेट ऊन चालत नाही. पूर्वेची खिडकी सगळ्यात बरी: सकाळचं कोवळं ऊन तासभर, नंतर नुसता लख्ख प्रकाश. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मे महिन्यांत झिरझिरीत पडदा हवाच, नाहीतर एका दुपारीत पांढरा भाग कागदासारखा करपतो. हॉलच्या कोपऱ्यात सोफ्यामागे ठेवायची असेल तर आणू नका. तिथं मनीप्लांट लावा.

पाण्याच्या बाबतीत माझी भांडणं होतात. झाड हळू वाढतं म्हणजे पाणीही हळू पितं. नर्सरीतून लाल मातीत किंवा निव्वळ कोकोपीटमध्ये आलेलं रोप मुंबईच्या पावसाळ्यात तसंच ठेवलं तर मुळं कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, झाडाची साल, पर्लाइट आणि मूठभर गांडूळखत असं भुसभुशीत मिश्रण करा, कुंडी मुळांपेक्षा थोडीच मोठी घ्या आणि बोटाची दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या. जुलै-ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस पाणी लागलं नाही तरी घाबरू नका. विदर्भातली अडचण उलटी. मे महिन्यात हवेतला ओलावा इतका उतरतो की नवं पान उलगडतानाच अडकून फाटतं. नागपूरच्या गिऱ्हाइकांना मी कूलरच्या खोलीत झाड ठेवायला सांगते, झोत अंगावर न घेता. रोज फवारा मारण्यापेक्षा ते कितीतरी कामाचं.

एवढं सगळं करूनही पांढऱ्या भागाचे काठ तपकिरी होतातच. जुन्या पानांत ते आधी होतं. म्हणून अख्खं पान तोडू नये. निम्मं हिरवं अजून काम करतंय. करपलेला भाग तेवढा कात्रीनं कापावा, कडेला तपकिरी रेघ ठेवून, म्हणजे जिवंत भागाला जखम होत नाही. पांढरेपणा वाढवणारं म्हणून कुणी मॅग्नेशियमची पूड किंवा कसलं टॉनिक विकत असेल तर घेऊ नका. पेशींचा वंश खतानं बदलत नाही. पानाच्या मागे मात्र नजर असू द्या: पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात बसतो आणि पांढऱ्या पानावर चटकन दिसत नाही.

लागोपाठ तीन पानं पूर्ण हिरवी आली तर छाटणीची वेळ झाली. खाली यायचं, खोडावर दोन्ही रंगांच्या रेघा असलेला डोळा गाठायचा आणि त्याच्या वर स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं काप घ्यायचा. लागोपाठ तीन पूर्ण पांढरी आली तरी हेच करायचं. इथं लोकांचा हात उचलत नाही. न्यूझीलंडमध्ये 2021 साली पांढऱ्या नक्षीची ऱ्हाफिडोफोराची एक वेल ऑनलाइन लिलावात 27,100 न्यूझीलंड डॉलरना गेली, अशा बातम्या वाचल्यावर पांढऱ्या पानावर ब्लेड ठेवणं जडच जाणार. पण पूर्ण पांढरी पानं येणारी वेल तशीच वाढू दिली तर आधी शेंडा जातो, मग उरलेलं झाड.

नक्षीदार पानांसाठी हजारो रुपये मोजायलाच हवेत असंही नाही. मनीप्लांटचा 'मंजुळा' हा देखणा प्रकार भारतातच सापडलेला आहे. आणि पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट तर निम्म्या सोसायट्यांच्या जिन्यात असतो. तोही कायमेराच. त्याच्या पानाचे तुकडे मातीत खोचून रोपं केलीत तर येतील, पण काठ जाऊन साधी हिरवी येतील, कारण नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून निघतो. पिवळा काठ हवा असेल तर कुंडी उपडी करा, गड्डा सुरीनं मोकळा करा आणि मुळांसकट एक फुटवा शेजाऱ्यांना द्या.