नियम सारखा, ओझे वेगळे

मोठ्या कंपनीशी स्पर्धा करायची ती मालाच्या चवीवर, अशी आपली भाबडी समजूत असते. कोल्हापुरात मी आणि माझ्या जाऊबाई गेली अनेक वर्षे कांदा-लसूण चटणी व लोणच्यांचा घरगुती व्यवसाय करतो. त्या अनुभवावरून सांगते, अर्धी स्पर्धा चुलीपाशी होते आणि अर्धी कागदावर.

म्हणून सगळेच नियम वाईट, असे मात्र नाही. अन्नसुरक्षा कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या चटणीला सरकारी शिक्का कशाला? गिऱ्हाईक ओळखतंय की आपल्याला." पण वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी तेव्हा साधी नोंदणी होती आणि शुल्क वर्षाला अवघे 100 रुपये. पाकिटावर तो 14 अंकी क्रमांक छापला आणि आम्हाला न ओळखणारे दुकानदारही माल ठेवू लागले. छोट्यांना झेपेल असा नियम त्यांची पत वाढवतो, तो असा.

याउलट अनुभव जीएसटीचा. 2019 साली मालविक्रीसाठी नोंदणीची मर्यादा 40 लाख रुपये झाली. आम्ही त्याच्या आसपासही नव्हतो. त्याच वर्षी बेळगावच्या एका दुकानदाराने दरमहा थोडी चटणी मागितली. चौकशी केली तेव्हा कळले, की परराज्यात माल विकायचा तर ही सवलत नाही. पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची! म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेसने राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदियाला चटणी पाठवली तर चालेल, पण शंभरेक किलोमीटरवरच्या, आमच्याच चवीच्या बेळगावला नाही. विवरणपत्रे भरणाऱ्या सल्लागाराची फी आणि त्या दुकानातून मिळणारा नफा, दोन्ही जवळजवळ सारखेच. शेवटी आम्ही तो व्यवहार सोडला. त्या फळीवर एका बड्या कंपनीची पाकिटे लागली.

संगणकावरून विक्री करायची म्हटले, तरी तेच. मोठ्या ऑनलाइन बाजारात माल ठेवायला जीएसटी क्रमांक लागे. आपल्याच राज्यात विकणाऱ्या छोट्यांना ही अट शिथिल झाली ती 1 ऑक्टोबर 2023 पासून. तोवर सहा वर्षे गेली होती आणि गिऱ्हाइकांना दुसऱ्या पाकिटांची सवय झाली होती.

मग सरकारने आम्हाला राखीव कुरणच द्यावे का? तसेही करून झाले आहे. 1967 साली 47 वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या गेल्या. पुढे ही यादी आठशेच्या वर गेली. लोणची आणि चटण्या शेवटच्या 20 वस्तूंमध्ये होत्या. त्यांचे आरक्षण 2015 साली उठले. पण या संरक्षणालाही एक गाठ होती. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठरावीक मर्यादेबाहेर गेली, की तुम्ही लघुउद्योग राहत नसा. म्हणजे छोटेपणाच जपायचा, वाढायचे नाही. शिवाय बड्या कंपन्या छोट्यांकडून माल बनवून घेत आणि आपल्या नावाने विकत. कष्ट एकाचे, नाव दुसऱ्याचे.

खरी मेख आहे ती ओझ्याच्या वाटणीत. दहा किलो विका की दहा टन, विवरणपत्र तेच. कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग असतो. तो खर्च पाकिटामागे काही पैसे पडतो. आमच्याकडे तेच काम मिरची कांडून आल्यावर, स्वयंपाक उरकून, रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते.

आम्हा छोट्यांना दया नको की सूटही नको. भेसळ करणाऱ्याला, मग तो लहान असो वा मोठा, शिक्षा व्हायलाच हवी. फक्त नियम लिहिणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की तो पाळायला किती माणसे लागतील आणि समोरच्या घरात माणसे किती आहेत.