गालिच्यातले केस: एक घरकाम, एक प्रयोग आणि एका मांजरीचा प्रश्न



घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. झाडून झालं, गालिचा स्वच्छ दिसतोय, आणि काळी पँट घालून कुणी पाच मिनिटं त्यावर बसून उठलं की मागे केसच केस! शाळेच्या लेखात हा विषय कशाला, असं वाटेल. पण यंदा माझ्या चौथीच्या वर्गात याच केसांवरून एका मांजरीला घर सोडायची वेळ आली होती, म्हणून लिहिते आहे.

वर्गातल्या एका मुलीची आई मधल्या सुट्टीत भेटायला आली. म्हणाली, "मॅडम, मांजर कुठंतरी लांब सोडून येणार आहोत. हिला सारख्या शिंका येतात आणि हॉलमधल्या गालिच्यावर नुसते केस. हिनं दोन दिवस डबा खाल्ला नाही. तुम्ही समजवा, तुमचं ऐकते." मी दोन प्रश्न विचारले. डॉक्टरांना दाखवलं का? आणि गालिचा कशानं साफ करता? पहिल्याचं उत्तर "अजून नाही", दुसऱ्याचं "झाडूनं".

आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

केस झाडूला दाद का देत नाहीत?

एक सोपी कृती करा. डोक्याचा एक लांब केस घ्या. चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवा, मग टोकाकडून मुळाकडे. पहिल्या वेळी गुळगुळीत लागतो, दुसऱ्या वेळी किंचित खरखरीत. केसावर सूक्ष्म खवले असतात, छपरावर कौलं रचावीत तसे, सगळे टोकाच्या दिशेनं तोंड करून. आता तोच केस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटं त्याच्या लांबीच्या दिशेनं पुढे-मागे चोळा. केस आपोआप एकाच बाजूला, मुळाकडच्या दिशेनं सरकायला लागतो! मुलांना ही जादू फार आवडते.

गालिच्यावरून आपण चालतो तेव्हा हेच घडतं. पायाच्या दाबानं आणि घासण्यानं केस धाग्यांत आत आत सरकतो आणि खवल्यांमुळे सहज मागे येत नाही. लोकरीचा नमदा दाबून, चोळून बनतो, तोही याच गुणामुळे. त्यात गालिचा पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचा असेल तर स्थिर विद्युतही मदतीला येते. कंगव्यानं कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग आपण सगळेच करतो, तीच ही ओढ. थंडीच्या कोरड्या हवेत ती जास्त जाणवते, पावसाळ्यात कमी.

झाडूच्या काड्या वरूनच जातात. धूळ उडते, केस तिथंच राहतो.

मग काय करायचं?

भांडी घासताना वापरतात तो रबरी हातमोजा घ्या. पाण्यात बुडवून घट्ट झटका. ओलसर हवा, ठिबकणारा नको. गालिच्यावर हात टेकवून आखूड फटकाऱ्यांनी एकाच दिशेनं, स्वतःकडे ओढत या. रबर केसाला पकडतं, केस एकमेकांत गुंततात आणि त्यांच्या वळ्या तयार होतात. त्या हातानं उचला. खिडकीच्या काचा पुसायची रबरी पट्टी असेल तर तीही चालते. त्यानंतर व्हॅक्युम क्लिनर असेल तर तो सावकाश, आधी उभा आणि मग आडवा फिरवा. आधीच क्लिनर लावला तर वरची धूळ जाते, पण गुंतलेले केस बरेचसे मागे राहतात.

काही गोष्टी टाळा. गालिचा भिजवू नका. खाली तागाचं अस्तर असेल तर डाग पडतात, कुबट वास येतो, आणि पावसाळ्यात तर बुरशीच. लोकरीच्या गालिच्यावर तारेचा ब्रश नको.

सतरंजीचं काम सोपं. तिला लव नसते, त्यामुळे केस खोल जात नाहीत. बाहेर दोरीवर टाकून काठीनं झोडपा, उन्हात ठेवा. फक्त तेव्हा शिंका येणारं मूल जवळ नको आणि झोडपणाऱ्यानं नाकाला रुमाल बांधावा.

आणि सगळ्यात कमी कष्टाचं काम म्हणजे केस गालिच्यापर्यंत पोचूच न देणं. एक दिवसाआड पाच मिनिटं गॅलरीत मांजराला विंचरा. ब्रशमध्ये आलेला केस गालिच्यावर पडत नाही. तिच्या ठरलेल्या जागेवर जुनी चादर घाला आणि ती दर आठवड्याला धुवा.

वर्गात आम्ही काय केलं?

परिसर अभ्यासाच्या तासाला शाळेची सतरंजीच घेतली. तिच्यावर प्राण्यांचे नसले तरी मुलामुलींचे केस भरपूर! खडूनं एक-एक फुटाचे चार चौकोन आखले. एकावर झाडू, एकावर कोरडा हात, एकावर चिकटपट्टी, एकावर ओलसर रबरी हातमोजा. प्रत्येकाला एक मिनिट. निघालेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून गोळ्यांची तुलना केली. हातमोजा पहिला आला, चिकटपट्टी दुसरी. एका मुलानं विचारलं, "मॅडम, पण चारही चौकोनांत आधी केस सारखेच होते कशावरून?" मी त्या दिवशीचा तास तिथंच थांबवला आणि हाच प्रश्न फळ्यावर लिहिला. दुसऱ्या दिवशी मुलांनीच मोजून प्रत्येक चौकोनात वीस-वीस केस टाकले, पायानं दाबले आणि प्रयोग पुन्हा केला. दमा किंवा शिंकांचा त्रास असलेल्या मुलांना मी नोंदी ठेवायचं काम दिलं होतं. तुम्हीही तसंच करा.

आता शिंकांचं

इथं एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. मांजराची अॅलर्जी असते ती मुख्यतः केसाची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत काही प्रथिनं असतात. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, तिचे आणि त्वचेच्या कोंड्याचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात. केस हे त्यांचं वाहन आणि गालिचा त्यांचं कोठार. म्हणूनच मांजर घरातून गेली तरी हे कण काही महिने घरात राहू शकतात. मांजर सोडून आलात आणि गालिचा तसाच ठेवलात, तर शिंका लगेच थांबतील या भरवशावर राहू नका.

त्या आईला मी एवढंच सुचवलं: आधी डॉक्टर. मग गालिचा गुंडाळून ठेवा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा, मांजरीला मुलीच्या अंथरुणावर येऊ देऊ नका. आणि सोडून येणं हा मार्ग नव्हेच. पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, काही दिवस बघू म्हणाले. गालिचा आता माळ्यावर आहे, मांजर गॅलरीत झोपते. शिंका कमी झाल्यात, पूर्ण गेलेल्या नाहीत. मुलगी डबा खाते.

प्रत्येक घरी असंच होईल असं नाही. मुलाला धाप लागत असेल, छातीत घरघर होत असेल, तर हातमोजे आणि ब्रश यांवर वेळ घालवू नका. डॉक्टरांनी सांगितलं तर मांजरीला दुसरं घर शोधावंही लागेल. तेव्हा ओळखीचं, तिला सांभाळणारं घर शोधा आणि मुलाला सोबत घेऊन जा. "पळून गेली" असं सांगू नका. मुलं कित्येक दिवस दारात दूध ठेवून वाट बघतात, आणि खरं कळल्यावर आपल्या पुढच्या शब्दावरही विश्वास ठेवत नाहीत.

येत्या रविवारी घरातला गालिचा उलगडा, मुलांना एक हातमोजा द्या आणि निघालेला गोळा केवढा झाला ते त्यांच्याच वहीत लिहायला सांगा.