दुखण्याचीही नोंद हवी

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात बॉयलरचं तापमान आणि वाफेचा दाब सतत नोंदला जातो. आकडा मर्यादेबाहेर गेला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. रुग्णालयात खाटेला लावलेल्या तक्त्यावर ताप, नाडी, रक्तदाब असतो, पण वेदनेचा रकाना बहुधा नसतोच, असला तर कोरा. तो रोज, प्रत्येक पाळीत भरला गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. 'दुखतंय का?' एवढंच विचारलं तर आपल्या खान्देशातला शेतकरी किंवा कंत्राटी मजूर 'चालतंय, थोडंफार' म्हणून मोकळा होतो. म्हणून शून्य ते दहामध्ये किती, हे विचारावं. म्हाताऱ्या माणसाला रुपयात किती आणे दुखतंय, असं विचारलं तरी कळतं. पुढचा प्रश्न, कसं दुखतंय? कळ येऊन जाते म्हटलं तर मूतखड्याचा विचार येतो, ठणका लागलाय म्हटलं तर पू झाल्याची शंका. मधुमेही माणसाची तळपायाची आग नसांची असते, तिला साध्या वेदनाशामक गोळीने फारसा उतार पडत नाही. छाती आवळून डाव्या हाताकडे कळ जात असेल, तर आधी ईसीजी. आणि इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने, गोळीनंतर तासाभराने पुन्हा विचारायला हवं. नाहीतर औषध लागू पडलं की नाही हे कळणार कसं?

यावर आक्षेप येतो की दुखणं मोजता येत नाही, माणसं वाढवून सांगतात. काही सांगतातही. पण प्लास्टर घातलेल्या पायात औषध देऊनही वेदना वाढत जाणं, बोटं हलवली की असह्य होणं, ही आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटत असल्याची पहिली खूण असते. वेदनेचा आकडा दुपारच्या चारवरून रात्री नऊवर गेला, हे कागदावर असेल तर प्लास्टर वेळेत कापलं जातं. 'ओरडतोय नुसता' म्हणून सोडलं तर पाय जाऊ शकतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अमेरिकेत 1990च्या दशकात वेदनेला 'पाचवी महत्त्वाची खूण' म्हटलं गेलं, अफूजन्य औषधांचा अतिरेक झाला आणि 2016मध्ये तिथल्या वैद्यक संघटनेनेच ती भूमिका सोडायला सांगितली. मात्र तिथे आकडा हाच औषधाचा हुकूम ठरला. आकड्याने तपासणी सुरू व्हावी, औषध आपोआप ठरू नये. लघवी तुंबली असेल तर नळी घालणं हाच उपाय. मे महिन्याच्या उन्हाने शरीरातलं पाणी आटलेल्या माणसाला डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा मारा मूत्रपिंडाला बाधतो. पोटदुखीत निदान झाकलं जाईल म्हणून वेदनाशामक रोखण्याची जुनी रीतही आता टिकत नाही. बेताने दिलेल्या औषधाने निदान चुकत नाही, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. अमेरिकेतल्या अतिरेकापेक्षा आपल्याकडची अडचण तर उलटी आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमचला अफूपासून औषधी द्रव्यं काढणारा सरकारी कारखाना आहे, 2014मध्ये अंमली पदार्थांचा कायदाही सैल झाला, तरी कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांपर्यंत मॉर्फिन पोहोचत नाही.

नर्सताईंना वेळ नसतो, हे खरं आहे. पण रक्तदाब घेतानाच हा प्रश्न विचारता येतो. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, कूस बदलत नाही, मग कफ साचून न्यूमोनिया होतो. त्यात नर्सचा वेळ कितीतरी जास्त जातो. उशाशी बसलेल्या नातेवाइकांनो, तक्त्यावर वेदनेचा आकडा लिहायला सांगा, आणि औषधानंतर तो उतरला नाही तर लगेच नर्सला बोलवा.