आमची ‘ही’ आणि त्यांचा ‘ही’

नवरा चारचौघांत बायकोचा उल्लेख ‘आमची ही’ असा करतो आणि बायको त्याला ‘आमचे हे’ म्हणते. नाव न घेता संसार करायची ही सोय आपल्याला सर्वनामांनी करून दिली. इंग्रजी शिकायला बसलं की मात्र पहिल्याच दिवशी घोटाळा होतो. तिकडे ‘ही’ म्हणजे बुवा आणि बाई म्हणजे ‘शी’! माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी शिकायला बायका येतात. कुणी नोकरीसाठी शिकतं, कुणी मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून. या ‘शी’वर प्रत्येक नवी तुकडी हसतेच.

हसून झालं की खरी अडचण सुरू होते. मराठीत खुर्ची ‘ती’ आणि पलंग ‘तो’. त्यामुळे खुर्ची मोडली की तोंडातून ‘शी इज ब्रोकन’ निघतं. इंग्रजीत निर्जीव वस्तूला ‘इट’ म्हणून मोकळं व्हायचं, हे अंगवळणी पडायला महिना जातो. आमच्या शेजारच्या बंगाली वहिनींचं दुखणं उलटं. बंगालीत तो आणि ती यांना शब्द एकच, त्यामुळे बोलण्याच्या ओघात त्या सासऱ्यांनाही ‘शी’ म्हणून जातात.

‘यू’ मात्र सगळ्यांना आवडतो. सासूबाईंना ‘यू’, साहेबांना ‘यू’, भाजीवाल्यालाही ‘यू’. इंग्रजांनी सगळ्यांना अरे-तुरे करून टाकलं, असा आपला समज असतो. झालं उलटंच. इंग्रजीत ‘तू’साठी ‘दाऊ’ हा शब्द होता आणि ‘यू’ हे अनेकांसाठीचं रूप होतं. पुढे ते मान देण्यासाठी एकट्या माणसालाही वापरू लागले, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. सतराव्या शतकापर्यंत हा मान इतका पसरला की रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ मागे पडला. म्हणजे इंग्रजांनी सगळ्यांना अहो-जाहो केलं! म्हणूनच माणूस एक असला तरी क्रियापद अनेकवचनी, ‘यू आर’. हे सांगितलं की ‘यू इज’ म्हणणाऱ्यांची चूक आपोआप थांबते. कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

लिहिताना आणखी एक फट आडवी येते. ‘रमेशने सुरेशला आपल्या गाडीतून नेलं’ म्हटलं की गाडी रमेशची, यात मराठी माणसाला शंका नसते. इंग्रजीत तिथे ‘हिज कार’ येणार आणि गाडी दोघांपैकी कुणाचीही असू शकते. अशा वेळी सरळ नाव पुन्हा लिहावं, असं मी सांगते. वाक्य थोडं बोजड होईल, पण निदान गाडीवरून भांडण होणार नाही.

इथवरचा सगळा मामला गमतीचा. एके दिवशी कारखान्यात काम करणारी एक विद्यार्थिनी फॉर्म घेऊन आली. आपल्या पश्चात पैसे कुणाला मिळावेत, त्याचं नाव भरायचं होतं. छापलेलं होतं, कर्मचाऱ्याने ‘हिज वाइफ’चं नाव लिहावं. “बाई, मी कर्मचारी आहे ना? मग माझी वाइफ कोण?” तिने विचारलं. कचेरीत विचारलं तर कारकून म्हणाले होते, “ ‘ही’मध्ये ‘शी’ येतेच, भरून टाका.” तिने ते शब्द खोडून वर ‘हर हजबंड’ लिहिलं, शेजारी सही केली आणि फॉर्म देऊन आली.

कारकून कायद्याला धरूनच बोलत होते. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली एक कायदा करून पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात असं ठरवलं. आपल्याकडे १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमात लिहिलं होतं की ‘ही’ हे सर्वनाम स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही व्यक्तीसाठी वापरलं आहे. १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टने हाच नियम इतर केंद्रीय कायद्यांनाही लावला. मात्र विषय किंवा संदर्भ आड येत नसेल तरच, अशी पुस्तीही जोडली.

सगळी मेख त्या पुस्तीत होती. रेजिना गुहा या बाईंनी कायद्याचं शिक्षण पूर्ण करून वकिलीसाठी अर्ज केला. वकिलांच्या कायद्यातही सगळीकडे ‘ही’च होता आणि त्यात त्या यायला हव्या होत्या. पण १९१६ साली कलकत्ता हायकोर्टाने त्यांचा अर्ज फेटाळला. पुढे पाटण्याला १९२१ साली सुधांशुबाला हाजरा यांनाही हाच अनुभव आला. म्हणजे तुरुंगात टाकायचं असेल तेव्हा ‘ही’मध्ये बाई आहे, आणि काळा कोट घालायचा असेल तेव्हा नाही! आपल्या नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली १८९२ साली, पण तिथली पदवी हाती पडली १९२२मध्ये. भारतात १९२३ साली खास कायदा करून केवळ बाई म्हणून वकिली नाकारता येणार नाही असं लिहावं लागलं, तेव्हा कुठे दार नीट उघडलं. सर्वनामावर भरवसा ठेवून ते उघडलं नव्हतं.

आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात राष्ट्रपतींसाठी ‘ही’ आणि ‘हिज’च आहे. प्रतिभाताई पाटील २००७ साली त्या पदावर आल्या, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. तिथे ‘ही’ने बाईला सामावून घेतलं. शब्द तोच होता, वाचणारे बदलले होते.

१ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या इंग्रजी पाठात ‘ही’ पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी अशा सर्वांसाठी आहे. कक्षा वाढली, शब्द मात्र तोच राहिला. मला हे अर्धवट वाटतं. ज्याच्या त्याच्यापुढे व्याख्येचं कलम धरावं लागतं, तो शब्द सर्वांचा कसा?

इंग्रजीकडे दुसरा शब्द आहे, ‘दे’. व्यक्ती एक, पण बाई की पुरुष ठाऊक नाही, तेव्हा ‘दे’ वापरायचा. हे आजचं फॅड म्हणून नाकं मुरडली जातात. पण चौदाव्या शतकापासून इंग्रजीत हा वापर सापडतो, शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिनसुद्धा तसं लिहीत. अठराव्या शतकात व्याकरणकार त्याला चूक ठरवू लागले आणि ‘ही’ लिहा म्हणून सांगू लागले. गंमत म्हणजे हा नियम पुस्तकात आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत अॅन फिशर नावाच्या शिक्षिका होत्या!

एका माणसासाठी अनेकवचन म्हटल्यावर माझ्या वर्गातल्या बायका बिचकतील असं वाटलं होतं. पण त्यांना काहीच नवल वाटलं नाही. सासूबाई एकट्याच असल्या तरी ‘त्या आल्या’ म्हणायची सवय त्यांना आहेच.

सरकारी किंवा कंपनीच्या कागदात अजून सर्रास ‘दे’ चालत नाही, तेव्हा मी अर्ज लिहायला शिकवताना वाक्यच अनेकवचनी करायला लावते. ‘अर्जदाराने त्याची सही करावी’ऐवजी ‘अर्जदारांनी आपली सही करावी’, इंग्रजीत ‘अॅप्लिकंट्स’ आणि ‘देअर’. कारखान्यातल्या त्या मुलीने असा दुरुस्त नमुना वहीत उतरवून घेतला. तिथे काम करणाऱ्या आणखी अकरा जणींनी तिच्याकडून तो मागून नेला आहे.